हिसका

वेल्सच्या किनाऱ्यावरची बास माशांची ही जागा शोधायला मला तीन वर्षं लागली. निषादला मित्र म्हणून दाखवली, तर गाढवाने मागे दीपगृह दिसेल असा फोटो मँचेस्टरच्या मराठी ग्रुपवर टाकला. आज इथे सात कयाक होड्या होत्या. "सॉरी यार," म्हणत त्याने आपलीही माझ्याशेजारीच घुसवली. "ह्या तरंगणाऱ्या नकली माशावर बासने झडप घातली की काय करायचं रे?" खरं तर थांबायचं असतं, हाताला वजन जाणवेपर्यंत हिसका द्यायचा नाही. मी म्हणालो, "पाणी उसळलं की लगेच जोरात हिसका मार." पाणी उसळलं. त्याने हिसका मारला. बास हुकला आणि तो नकली मासा पाण्यातून सणसणत येऊन गळासकट थेट माझ्या गालात रुतला. निषादने पक्कड काढली, गळ घट्ट धरला. "इथेही लगेच जोरात ना?" "थांब," मी म्हणालो.