दोन बोटांचं अंतर

"हिच्या भुवया जुळल्यात." चेहरे नि हात वाचणाऱ्या मेसेर ओनोफ्रियोंनी भिंग खाली ठेवलं. "चोराचं लक्षण. पुढची बोलवा."

पुढची कोणी नव्हतीच. बाळाला दूध पाजायला आलेली लाल केसांची दाई सकाळीच परत गेली होती, तापट निघेल म्हणून. दुसरीचा जन्म शनीच्या होऱ्यातला. उरली होती ती डोंगरातून आलेली ही पास्क्वा. धिप्पाड, घामाघूम, डावा तळहात अजून मेसेरांपुढे तसाच धरून उभी.

तादेआ पलंगावर उठून बसली. तापाने तिचं दूध आटलं होतं. शेळीचं दूध बाळ ओकून टाकत होतं, आणि दुपारपासून त्याच्या रडण्याला आवाजही उरला नव्हता. नुसतं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"मेसेर, हात तरी पुन्हा बघा ना."

"बघितला. मंगळाचा उंचवटा वर आलाय. दुधातून स्वभाव उतरतो, बाईसाहेब. आज हिचं दूध, उद्या पोराला फेर्राराच्या चौकात फास."

"माझी दोन पोरं आहेत की हो," पास्क्वा म्हणाली. "दुसऱ्याची भाकरी कधी चोरली नाही त्यांनी. स्वतःची खायलाच दिवस पुरत नाही."

"बघा! उलट उत्तर. खालचा ओठ जाड असला की असंच."

खिडकीपाशी बसलेल्या सासूबाईंनी मान हलवली. "मेसेर म्हणतात तेच खरं. या घरात चोराचं दूध नको. उद्या दुसरी शोधू."

उद्या! तादेआने बाळाकडे पाहिलं. तेवढ्यात कुठून कोण जाणे, त्याने एक आवाज काढला. एवढासा, मांजराच्या पिल्लासारखा. आणि पास्क्वाच्या चोळीवर दुधाचे दोन ओले डाग उमटले. पसरत चालले.

मेसेर पिशवी आवरत होते. सासूबाई बाहेर बघत होत्या. ते डाग फक्त तादेआला दिसले.

तिचा हात आपसूक डोक्यावरच्या टोपीकडे गेला. बाळंतपणापासून ती टोपी तिने पार पापण्यांपर्यंत ओढून ठेवली होती, झोपेतसुद्धा.

"मेसेर, लग्न ठरवताना तुम्ही माझं कपाळ वाचलं होतंत. आठवतं?"

"न आठवायला काय झालं! उंच, मोकळं कपाळ. भुवयांमध्ये चांगलं दोन बोटांचं अंतर. निर्मळ मन. मीच सांगितलं यांना, डोळे मिटून मुलगी करून घ्या."

तादेआने टोपी ओढून काढली.

आजारपणात भुवयांना चिमटा लागला नव्हता. दोन्ही भुवया नाकाच्या वर येऊन भेटल्या होत्या. काळ्या, दाट, पास्क्वाच्या होत्या अगदी तशाच.

"तुम्ही यायच्या आदल्या रात्री आईने उपटल्या होत्या. तेव्हापासून दर शनिवारी मी उपटते." ती सासूबाईंकडे वळली. "सासूबाई, तुम्हीच सांगा. मी आल्यापासून या घरातून चांदीचा एक चमचा तरी गेलाय का?"

मग पास्क्वा खो खो हसत सुटली. "अगंबाई! ही तर बहीणच निघाली माझी!"

"घे," तादेआ म्हणाली. बाळ तिने पुढे केलंसुद्धा होतं. "घे ना लवकर!"

बाळाने शोधलं. चुकलं. पुन्हा चुकलं. आणि मग एकदम पकडलं त्याने, इतकं घट्ट की पास्क्वा "आई गं!" करून ओरडली. खोलीत फक्त घुटक्यांचा आवाज. तादेआ हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

मेसेर भिंग घेऊन तिच्या कपाळाकडे वाकले, पुन्हा सरळ झाले. "तसे... भुवयांच्या बाबतीत जाणकारांत मतभेद आहेत," ते पुटपुटले.

सासूबाई उठल्या. जवळ येऊन सुनेच्या कपाळाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग दाराकडे वळून त्यांनी मोलकरणीला हाक मारली.

"ब्रिजिदा! पास्क्वासाठी गरम सूप आण. आणि सूनबाईंना चिमटा."

मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तिचा नको, माझा आण. त्याची पकड चांगली आहे."