शंकरपाळ्याच्या जागी पट्टी

"हं, नुरगाझी, चालवा तुमची चुको," रक्तपेढीच्या डॉक्टर बुरुल म्हणाल्या. काम त्यांचंच होतं.

मीटिंगच्या बंद खोलीत टेबलावर भलामोठा कागद पसरला होता. रक्ताची मागणी आली की ती कुणाकडून कुणाकडे जाते, त्याचा ॲक्टिव्हिटी डायग्राम. वर सुरुवातीचा काळा ठिपका, तळाला शेवटचा, मधे चौकटी आणि बाण. बिश्केकच्या या ऑफिसात रीतच होती, की कोपऱ्यात ज्याचं नाव, त्यानं मेंढीच्या घोट्याचं हाड, म्हणजे चुको, गिऱ्हाइकादेखत वरून खाली चालवत आणायचं. ती तळाला पोचली तरच प्रोग्रॅम लिहायला घ्यायचा. कोपऱ्यात नाव होतं नुरगाझीचं. चांगलं ठळक.

डायग्राम काढला होता गुल्झातनं. पण नुरगाझी साहेबांना शेवटचा हात फिरवायची भारी हौस. तातडीची मागणी डावीकडून जाते, साधी उजवीकडून, आणि खाली दोन्ही वाटा एकत्र येतात. तिथं गुल्झातनं शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट काढली होती. म्हणजे जी वाट येईल ती पुढं जाईल. साहेबांनी सोमवारी ती खोडून एक काळी जाड पट्टी ओढली. दिसायला नीटस दिसते म्हणे! आता पट्टीचा कायदा वेगळा. सगळ्या वाटा येऊन पोचल्याशिवाय ती कुणालाच सोडत नाही.

गुल्झातला हे सोमवारीच दिसलं. चार दिवस ती मूग गिळून बसली.

का बसणार नाही? मार्चमध्ये याच माणसानं याच डॉक्टरांच्या कामात हाच घोळ घातला होता. तेव्हा 'घाई आहे' म्हणून चुकोही चालवली नव्हती. चाचणीत सगळं ठप्प झालं आणि खापर फुटलं साल्किन एजेच्या डोक्यावर. एजे म्हणजे ताई, जसं बाइके म्हणजे दादा. गुल्झातला हे काम बोट धरून शिकवणारी बाई. नोरुझच्या आदल्या दिवशी तिला कामावरून काढून घरी पाठवलं. सणाच्या आदल्या दिवशी! चांडाळ मेला.

"तातडीची मागणी धरा," डॉक्टर म्हणाल्या. "पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आहे."

नुरगाझीनं चुको डावीकडून ऐटीत खाली आणली आणि पट्टीवरून पुढं ढकलली.

"थांबा थांबा. पट्टीवर थांबायचं असतं ना? उजवीकडून कोण येतंय?"

"उजवीकडून... कुणी नाही. मागणी तातडीची आहे ना."

"मग ही सुटणार कधी?"

नुरगाझीनं चुको मागं ओढून परत पट्टीवर ठेवली. त्याचे कान लाल झाले.

"मेला की हो माझा पेशंट," डॉक्टर म्हणाल्या.

"गुल्झात, सांग ना जरा यांना," नुरगाझी म्हणाला.

"मी काय सांगू, बाइके? नाव तुमचं, चुको तुमच्या हातात." गुल्झातनं फाईलमधून दोन कागद काढून डॉक्टरांपुढं ठेवले. "हा माझा, सोमवारच्या आधीचा. आणि हा मार्चमधला, साल्किन एजेच्या हातचा. दोन्हींत शंकरपाळाच आहे. बघा."

डॉक्टरांनी चष्मा सारखा करून दोन्ही कागद पाहिले. "म्हणजे त्या बाईंनी बरोबर काढलं होतं? आणि मी त्यांना तोंडावर वाट्टेल ते बोलले!"

नुरगाझी गुल्झातकडे झुकला. "तुला सोमवारपासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मार्चमध्ये तुम्ही बोललात?"

खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला होता. पोटभर जेवल्यावर होतो तसा.

"त्यांना फोन लावा," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर हे काम मी दुसरीकडे देते."

नुरगाझीनं नंबर शोधायला उगाच वेळ लावला. शेवटी गुल्झातनंच आपल्या फोनवरून लावला आणि स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवला.

"एजे, नुरगाझी बोलतोय. ते मार्चमधलं... ती चूक माझी होती. तुमची नव्हती."

पलीकडून आवाज आला.

"नीट ऐकू आलं नाही रे. पुन्हा सांग."

"चूक माझी होती, एजे."

"गुल्झात आहे का तिथं?"

"आहे, एजे."

"बाहेर सगळे जागेवर बसलेत ना गं, पोरी?"

"बसलेत."

"मग ते दार उघड."

गुल्झातनं उठून दार सताड उघडलं. बाहेरची बावीस माणसं माना वळवून आत बघायला लागली.

"उघडलं, एजे."

"हं नुरगाझी," साल्किन एजे म्हणाली, "आता सांग."