हात खाली

"हात वर घे! तोंड झाक!" वानखडे सर रिंगच्या कोपऱ्यातून ओरडले. रतनने हात आणखी खाली सोडले. पुढचा ठोसा थेट जबड्यावर बसला, तरी त्याची पापणीही हलली नाही.

शेजारच्या काचेच्या खोलीत खुर्चीला बांधलेले त्याचे वडील भाऊराव मात्र किंचाळले. रतनच्या मानेत बसवलेलं यंत्र त्याची प्रत्येक वेदना त्यांच्याकडे पाठवत होतं. वेदना घेणारा माणूस रक्ताच्या नात्यातलाच लागे. "पोराची ताकद म्हणजे मीच," असं गावभर सांगून भाऊराव हौसेनं त्या खुर्चीत बसले होते. खुर्चीचे पट्टे सामना संपेपर्यंत सुटत नसत.

फेरी संपली. "जबडा मोडलाय तुझा. कळतंय का?" सरांनी विचारलं.

रतनने मान हलवली. नाही.

स्पीकरवर भाऊरावांचा आवाज आला. "हात वर घे रे बाळा... पाया पडतो तुझ्या."

लहानपणी पट्ट्याचा मार चुकवायला रतन हात वर करायचा, तेव्हा हाच आवाज दरडावायचा, "हात खाली!"

"वर केले की दुप्पट बसतात, बाबा," मोडक्या जबड्यानं रतन बोबडं बोलला.

घंटा वाजली. तो दोन्ही हात पाठीमागे बांधून पुढे गेला.