माशी

"त्या रात्री माशीच दिसली नाही हो," काका म्हणाले. माशी म्हणजे पिस्तुलाच्या नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा. घरात शिरलेल्या चोरावर त्यांनी झाडलेली गोळी भिंतीत गेली होती. चोराच्या कोयत्याने आता माझ्या बंदुकांच्या दुकानात त्यांच्या शेजारी बसलेल्या काकूंचा उजवा हात मनगटापासून गेला होता.

दुकानातलं अंधारात चमकणाऱ्या माशीचं पिस्तूल मी काढलं, रिकामं असल्याचं पाहून घेतलं, शटर ओढलं आणि दिवा बंद केला. काळोखात तीन हिरवे ठिपके उमटले.

"मधला ठिपका टोकावरच्या माशीचा. दिसतात का, काका?"

ते बोलण्याआधीच काकूंनी आपला उरलेला हात ठिपक्यांवर ठेवला. ठिपके गडप झाले.

"दिसतात की," काका म्हणाले. "तिन्ही स्वच्छ. तेव्हा अशी माशी असती, तर हिचा हात वाचला असता."

काकूंनी हात मागे घेतल्यावर मी दिवा लावला. त्यांनी पिशवीतून घरचं पिस्तूल काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"बसवा मग तशी माशी ह्याला," माझ्याकडे रोखून बघत त्या म्हणाल्या. "पण सावकाश बसवा. आम्हाला अजिबात घाई नाही."