पाण्याचा नमुना

पाळणाघरवाल्या मावशींनी सकाळी नळाखाली धरून भरलेली बाटली पिशवीतून काढली आणि नगरपालिकेच्या पाणी खात्यातल्या कारकुनाच्या टेबलावर ठेवली. आतलं पाणी चहासारखं दिसत होतं.

"या पाण्यानं माझ्याकडची पोरं जुलाबांनी आडवी पडलीत," त्या म्हणाल्या. "आया आता मुलं ठेवायला कचरतात. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून म्हटलं, एकदा डोळ्यांनीच बघा."

आजवर या खात्यात कुणी त्यांच्याकडे मान वर करूनही बघितलं नव्हतं. या कारकुनानं मात्र बाटली उचलली, खिडकीपाशी नेली, उजेडात धरून हलवली आणि गाळ खाली बसेपर्यंत तो एकटक बघत राहिला. चला, कुणाच्या तरी काळजाला पाझर फुटला, असं वाटून मावशींचा जीव भांड्यात पडला.

साहेबांच्या बंद दाराकडे एक नजर टाकून कारकून त्यांच्यापाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला,



"मावशी, आमच्या नळाला याहून काळं येतं. घरात तान्हं बाळ आहे. तुमच्या गल्लीत एखादी खोली भाड्यानं मिळेल का?"