सातवं वळण
लेकीला मोटारीने उडवलं, तेव्हापासून तिची सायकल मी कुलपात ठेवली होती. “नदीकाठच्या खडीच्या वाटेवर गाड्याच येत नाहीत गं, आई,” म्हणत तिने महिनाभर डोकं खाल्लं, तेव्हा मी एका अटीवर नमले: प्रत्येक वळणावर घंटी वाजवायची. आज ती पुढे, मी धापा टाकत मागे. सहा वळणांवर घंटी वाजली; सातव्यावर वाजलीच नाही. मी हाक मारली, तरी ओ नाही. कडेला सरळ खाली नदी होती. खडीवरून घसरत वळण गाठलं, तर सायकल आडवी पडलेली आणि लेक वाटेवर उकिडवी बसलेली. तिने ओठांवर बोट ठेवलं. पुढे खडीतच टिटवी अंडी उबवत होती. “घंटी का नाही वाजवलीस?” “अंड्यांची आई घाबरली असती ना,” ती कुजबुजली. मी कुजबुजतच ओरडले, “कार्टे, आणि तुझी?”