आत एकालाच परवानगी

"नुसत्या गप्पाच मारणार, बाई, की पोटाला हात लावायचाही बेत आहे?"

फौजदारीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. गल्लीने त्यांना हे नाव उगाच दिलं नव्हतं. पाच बाळंतपणं घरच्या घरी उरकलेली बाई. आणि पोटची धाकटी मात्र पहिल्याच खेपेला "ऑपरेशनच करा" म्हणून हटून बसलेली. कळांचं नाव काढलं की हातपाय गार. म्हणून भीती घालवायला दर मंगळवारी दवाखान्यातल्या सुईणीकडे हे हेलपाटे.

सुईण हसली. "मावशी, तेवढा पाण्याचा जग भरून आणता?"

"मागच्या खेपेला उशी आणायला पिटाळलंत, त्याआधी केसपेपर आणायला. तुमच्या हाताला काय मेंदी लागलीय?"

पण उठल्या. दारातून लेकीला धीर द्यायला मात्र विसरल्या नाहीत. "भिऊ नकोस गं. तुझ्या वेळी मी दोन दिवस अडले होते. दात आवळून आवळून दाढ तुटली, डोळे पांढरे झाले, घरचे रडायला लागले. पण मेले का? नाही ना?"

धाकटीने भिंतीकडे तोंड केलं.

जग घेऊन परतल्या तर आत खिदळणं चाललेलं. लेक पलंगाला कोपरं टेकून डुलत होती, बाहेर थांबलेला जावई आत येऊन तिची कंबर चोळत होता. सुईण म्हणत होती, "कळ आली की श्वास लांब सोडायचा. अस्सा."

"जावईबापू, तुम्हाला सुई बघून घेरी येते," फौजदारीणबाई कडाडल्या. "त्या दिवशी आत मीच असणार."

"आई, तिला विचारू या की."

"तिला काय विचारायचं? तिला काय कळतंय!"

सुईणीने त्यांच्या हातातला जग घेऊन खाली ठेवला. "आत एकालाच परवानगी आहे, मावशी. कोण, ते बाळंतीण स्वतःच्या हाताने लिहून देते. आमची पद्धतच आहे तशी."

"लिहू दे की. पोटची पोर आहे, दुसरं कुणाचं नाव लिहिणार!"

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, धाकटीला कळा सुरू झाल्या. ऑपरेशनचा शब्दही न काढता ती आपल्या पायांनी खोलीत गेली. फौजदारीणबाई पदर खोचून मागोमाग निघाल्या, तर सुईण दारात आडवी.

"जरा थांबा, मावशी."

"का? त्या भित्र्याचं नाव लिहवून घेतलंत की काय? नऊ महिने हिला फुलासारखं जपलं मी. काढा तो कागद. मोठ्याने वाचा, ह्या जावईबापूंनाही ऐकू दे!"

जावयाने मान खाली घातली.

"नंतर निवांत बोलू आपण."

"आत्ता!"

आतून लांब सोडलेला श्वास ऐकू आला. सुईणीने कागद उलगडला.

"'सोबत नवरा असू दे. तो कोसळला तर झाडूवाल्या मावशी चालतील. भीती कुणी घातली, हे तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतंत. माझ्या जन्माची ती गोष्ट मी दर वाढदिवसाला ऐकत आलेय. आई आत येणार असेल, तर मात्र माझं ऑपरेशनच करा.'"